भंगारातले एचटी-२ विमान विकत घ्यावे का?

आर्वीकर
नमस्कार मंडळी. मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात शेती करतो. गावाबाहेर आमच्या जुन्या कापूस-जिनिंगचे एक शेड आहे. जिनिंग बंद होऊन बरीच वर्षे झाली. एका बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबचे सामान लिलावात घेतलेल्या भंगार व्यापाऱ्याकडे एचटी-२ जातीचे विमान पडून असल्याचे कळले, म्हणून प्रत्यक्ष जाऊन पाहून आलो. सांगाडा पूर्ण आहे, पंख काढून जुन्या टायरांवर आडवे ठेवले आहेत, डाव्या पंखाच्या टोकाचा पत्रा चेपला आहे, इंजिन जागेवर आहे पण प्रोपेलर नाही. शेपटीवरचा पांढरा रंग जिथे सुटला आहे तिथे खाली तिरंगी पट्टे दिसतात, त्यावरून क्लबाकडे येण्यापूर्वी ते वायुसेनेत असावे असा माझा तर्क आहे.

ज्यांना हे विमान ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने घडवलेले हे दोन आसनी प्रशिक्षण विमान १९५१ च्या ऑगस्टमध्ये प्रथम उडाले. त्याचा आराखडा डॉ. विष्णू माधव घाटगे यांचा. ते मराठी माणूस, जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिशास्त्राचे नामवंत प्राध्यापक प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले. एकंदर सुमारे १७० विमाने तयार झाली आणि वायुसेनेच्या कित्येक वैमानिकांनी उड्डाणाचे पहिले धडे त्यातच गिरवले.

व्यापारी अॅल्युमिनियमच्या वजनाने भाव सांगतो आणि माझ्या चेहऱ्यावरची हौस पाहून वर काही मागतो. प्रश्न दोन आहेत. हे घ्यावे का, आणि घेतलेच तर ते उडण्याजोगे करण्याचा विचार धरावा की नुसते नीट जतन करावे?

संत्रापट्टा
भाऊ, वहिनींना विचारले का? बाकीचे प्रश्न त्यानंतरचे आहेत.

पेन्शनर_फिटर
अवश्य घ्या, पण पैसे देण्यापूर्वी पुन्हा एकदा जा आणि या वेळी रंग पाहू नका, सांधे पाहा. मी वायुसेनेत एअरफ्रेमचे काम केले असून आता हिंगणघाटला असतो. जुन्या विमानाची किंमत दोन ठिकाणी ठरते: पंख जिथे मधल्या भागाला जोडले जातात ते मुख्य तुळईचे सांधे, आणि पोटाखालचा तो भाग जिथे पावसाचे पाणी आत शिरून साचते. तिथला तळ आतून टॉर्च मारून पाहा. पांढरी भुकटी दिसली तर ती वरवरची गंज असू शकते, घासून निघते. पण दोन रिव्हेटांच्या मधला पत्रा फुगलेला दिसला, किंवा जाड पट्टीच्या कडेला पापुद्रे सुटलेले दिसले, तर धातू आतून गेला आहे असे समजावे; तो भाग बदलण्यावाचून गत्यंतर नाही. पोलादी बोल्ट जिथे अॅल्युमिनियममधून जातो तिथे ओल राहिली की दोन धातूंच्या संगतीनेच गंज धरतो, म्हणून एखादा बोल्ट काढून भोकाची आतली बाजू पाहू द्यावी, असा आग्रह व्यापाऱ्याकडे धरा.

उंदरांची लेंडी दिसली तर नाक मुरडून पुढे जाऊ नका, तिथेच थांबा. उंदराचे मूत्र अॅल्युमिनियमला पावसापेक्षा वाईट.

एएमई_अकोला
वर फिटरकाकांनी धातूचे सांगितले, मी कागदाचे सांगतो, कारण माझ्या मते पहिली तपासणी कागदाचीच हवी. हे विमान क्लबाकडे असताना त्याला व्हीटी अक्षरांनी सुरू होणारा नागरी नोंदणी क्रमांक असणार. ती नोंदणी डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) रद्द झाली का, झाली असल्यास त्याचे पत्र कोठे आहे, लिलावाचा ताबा-आदेश कोणाच्या नावे आहे आणि त्यात हे विमान स्पष्टपणे नमूद आहे का, हे तीन कागद व्यापाऱ्याने दाखवलेच पाहिजेत. नंतर लॉगबुके, म्हणजे विमानाच्या नोंदवह्या, विचारा. सांगाड्याचे, इंजिनचे आणि प्रोपेलरचे लॉगबुक वेगवेगळे असते. भंगारवाले ती रद्दीत घालतात आणि आपण काय घातले हे त्यांना कळतही नाही. कॉकपिटमध्ये निर्माणक्रमांकाची धातूची पट्टी रिव्हेटने बसवलेली असते; ती जागेवर आहे का पाहा. जगभर जुन्या विमानांच्या व्यवहारात ओळख त्या पट्टीवरून आणि लॉगबुकावरून ठरते. ती नसतील तर तुमच्याकडे सुमारे सातशे किलो अॅल्युमिनियम आणि पोलाद आहे, विशिष्ट विमान नाही.

उडवण्याविषयी: तो विचार सोडून द्या. ब्रिटनमध्ये जुन्या विमानांना ‘परमिट टू फ्लाय’ मिळते, अमेरिकेत प्रदर्शनासाठी प्रायोगिक वर्गात नोंदणी होते आणि त्यावर तिथे खाजगी संग्राहकांची एक अख्खी दुनिया उभी आहे. आपल्याकडे खाजगी माणसासाठी तशी रुळलेली वाट नाही.

उडते_तेच_विमान
मला हे पटत नाही. न उडणारे विमान हे विमानाचे प्रेत आहे, मग ते कितीही चकचकीत ठेवा. वायुसेनेच्या ‘परशुराम’ या डाकोटा जातीच्या जुन्या मालवाहू विमानाचे उदाहरण सर्वांसमोर आहे. २०११ मध्ये तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते आयर्लंडमधून भंगाराच्या अवस्थेत घेतले, ब्रिटनमध्ये दुरुस्त करवले, वायुसेनेला भेट म्हणून देऊ केले आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये ते स्वतःच्या पंखांनी उडत जामनगरला उतरले. त्याला व्हीपी ९०५ हा क्रमांक दिला, कारण २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा तो क्रमांक होता. भंगारातून हे होऊ शकते, मग चिमुकले एचटी-२ का होणार नाही?

एएमई_अकोला
कारण ते चिमुकले आहे म्हणूनच. डाकोटा आणि त्याच्या भावंडांची संख्या दहा हजारांच्या वर गेली, त्याचे ट्विन वास्प इंजिन आजही दुरुस्त करून देणारे कारखाने आहेत आणि सुटे भाग मिळतात. एचटी-२ सुमारे १७०, त्यातली बहुतेक वितळवून झालेली, आणि त्याचे १५५ अश्वशक्तीचे सिरस मेजर इंजिन ज्या ब्लॅकबर्न कंपनीने बनवले ती आता अस्तित्वात नाही. शिवाय परशुराम वायुसेनेच्या व्हिंटेज फ्लाइटमध्ये टायगर मॉथ आणि हार्वर्डसोबत सांभाळले जाते. त्यामागे एक संपूर्ण यंत्रणा उभी आहे. आर्वीच्या शेडमध्ये एक हौशी शेतकरी आणि सुट्टीच्या दिवशी येणारे मित्र असतील. चुकीचा रिव्हेट बसवलेले प्रदर्शनी विमान फार तर थोडे विद्रूप दिसते.

पेन्शनर_फिटर
रिव्हेटवरून एक आठवले, सांगून ठेवतो. जिथे जास्त ताकद लागते तिथले काही रिव्हेट अशा मिश्रधातूचे असतात की ते भट्टीत तापवून पाण्यात विझवल्यावर काही वेळच मऊ राहतात आणि मग आपोआप कडक होत जातात. म्हणून आम्ही ते विझवल्याबरोबर बर्फाच्या पेटीत ठेवायचो आणि लागतील तसे बाहेर काढून लगेच ठोकायचो. नवा मुलगा पेटी उघडी ठेवून चहाला गेला, तर परतल्यावर सगळा घाणा पुन्हा भट्टीत. बाजारातले पॉप रिव्हेट मारून चालेल का, असे आर्वीकर विचारतील. दिसायला चालेल, पण मग ते जतन म्हणता येणार नाही.

धानपट्टा
डाकोटाचा विषय निघालाच आहे तर नागपूरकरांना आठवण करून देतो. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परते. ती विमाने डाकोटाच होती, आणि त्यांतली कित्येक महायुद्धात लष्करी माल वाहून मग नागरी कामाला लागलेली. आमच्या गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टीही ब्रिटिशांनी महायुद्धाच्या काळातच आखलेली; आज तिथे वैमानिक घडवणारी संस्था आहे. विदर्भाचा विमानाशी काय संबंध, असे कोणी विचारले तर हे सांगावे.

संत्रापट्टा
आणि अनुरक्षण कमानचे मुख्यालय नागपुरात आहे हे विसरू नका. अख्ख्या वायुसेनेच्या दुरुस्तीचा कारभार जिथून चालतो, त्याच मुलखात एक दुरुस्ती आपणही करू या म्हणतात भाऊ.

पाटी_पेन्सिल
मी दारव्ह्याजवळच्या एका शाळेत शिकवते. कटू वाटेल, पण विचारते. कपाशीचा खर्चही निघत नाही अशी वर्षे आपण पाहत आहोत, शाळांच्या खोल्या गळतात, आणि अशा वेळी लाखो रुपये एका न उडणाऱ्या विमानावर घालणे कितपत योग्य? चौकाचौकांत उभी केलेली निवृत्त विमाने मी पाहिली आहेत. उद्घाटनाला फोटो निघतो, दोन पावसाळ्यांत रंग उडतो, काचेवर दगड पडतो आणि मग त्याच्या सावलीत पानठेला लागतो.

आर्वीकर
ताई, प्रश्न रास्त आहे आणि घरातूनही तोच आला. माझे उत्तर एवढेच, की पैसा माझा आहे, त्यासाठी कोणाकडे वर्गणी मागणार नाही आणि शेत विकणार नाही. परंतु पानठेल्याची भीती मलाही आहे.

काळी_माती
मी बांधकामातला माणूस आहे, म्हणून विमान सोडून जमिनीवर येतो. तुमचे शेड काळ्या मातीवर आहे का? असल्यास आतली फरशी नक्कीच उचलली गेली असेल. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल इतक्या भेगा पडतात. त्यावर नुसते काँक्रीट ओतले की ते दोन वर्षांत तडकते, एक चाक वर आणि एक चाक खाली होते, आणि सांगाड्याला कायमचा पीळ बसतो. माती खोल काढून तिथे मुरूम थरांनी भरून, पाणी मारून, दाबून घ्या, मगच फरशी करा. शेडच्या कडेने पाणी बाहेर नेणारी नाली काढा. हा खर्च तुमच्या विमानाच्या किमतीएवढा होऊ शकतो आणि तो दिसणारही नाही, पण तो आधी करायचा.

दुसरे असे, की मे-जूनमधल्या वळवाच्या वादळात पत्रे उडतात हे आपण दरवर्षी पाहतो. विमानाचा पंख तर वारा आला की उचलला जावा म्हणूनच घडवलेला असतो. शेड तीन बाजूंनी बंद नसेल तर बांधून ठेवण्याच्या कड्या काँक्रीटच्या ठोकळ्यात बसवा, भुसभुशीत मातीत खुंटी ठोकून भागणार नाही.

जुनी_बुलेट
इंजिनाबद्दल कोणी बोललेच नाही. सिरस मेजर ब्रिटिश आहे, म्हणजे त्याचे आटे मेट्रिक नाहीत. बाजारातला बारा-तेराचा पाना लावलात तर नटांचे कोपरे गोल होतील. व्हिटवर्थ आणि बीएसएफ या जुन्या ब्रिटिश मापांचे पाने लागतील. जुन्या बुलेटवर हात बसलेल्या मिस्त्र्यांकडे ते अजून मिळतात आणि नागपुरात असे मिस्त्री आहेत.

हे इंजिन उलटे बसवलेले असते, म्हणजे सिलिंडर खाली आणि क्रँक वर. बंद असताना तेल झिरपत खाली उतरते आणि सिलिंडरात साचते. तेल दाबले जात नाही, त्यामुळे कोणी जोर लावून इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. फिरवून पाहण्याचा मोह झाला तर आधी सगळे प्लग काढा आणि तेल गळू द्या.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट मॅग्नेटोची. त्याला बॅटरी लागत नाही, ठिणगी तो स्वतःच पाडतो, आणि स्विच बंद केल्याने फक्त एका तारेतून ती ठिणगी जमिनीला जाते. ती तार उंदराने कुरतडली असेल तर स्विच बंद दिसतो पण मॅग्नेटो जागा असतो. उद्या प्रोपेलर मिळवून बसवलात आणि शाळेच्या सहलीतल्या एखाद्या पोराने तो गंमत म्हणून फिरवला, आणि सिलिंडरात पेट्रोलची वाफ असली, तर काय होईल हे लिहायला नको. प्लग काढून त्यांच्या जागी डमी बसवा आणि टाकी कोरडी ठेवा.

पेन्शनर_फिटर
बुलेटवाल्यांनी योग्य सांगितले. त्यात दोन भर. जुन्या डायलवरचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून रेडियमचा रंग वापरत. आता ते चमकत नाहीत म्हणून निर्धोक झाले असे समजू नका; चमकणारा पदार्थ थकतो, रेडियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षांचे आहे. काच फुटलेला डायल उघडू नका, खरवडू नका, फुंकर तर मुळीच मारू नका. किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र ज्यांच्याकडे आहे अशा महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागाकडून तपासून घ्या.

दुसरे म्हणजे आतला हिरवट पिवळा प्रायमर. तो क्रोमेटचा असतो, गंज रोखण्यात त्याला तोड नाही आणि कर्करोगाला आमंत्रण देण्यातही नाही. कोरडा घासायचा नाही. जिथे तो धड आहे तिथे त्याला हातही लावायचा नाही. हौशी माणूस पहिल्याच दिवशी ग्राइंडर घेऊन सगळे चकचकीत करायला जातो, आणि ज्या थराने विमान साठ-सत्तर वर्षे टिकवले तोच थर उडवतो. शेपटीवरच्या त्या पट्ट्यांवर तर नवा रंग देऊच नका.

मिग_चाहता
त्यापेक्षा मिग-२१ का घेत नाही? २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झाले, आता भरपूर मोकळी असतील.

एएमई_अकोला
ती वायुसेनेची मालमत्ता आहे. प्रदर्शनासाठी संस्थांना निवृत्त विमाने मिळतात, पण त्यासाठी हवाई मुख्यालयाच्या मार्गाने जावे लागते, व्यापाऱ्याच्या नाही. आणि जेट लढाऊ विमानात वैमानिकाला बाहेर फेकणारे आसन असते, त्यातली स्फोटके काढल्याची खात्री असल्याशिवाय त्यात मुलाला बसवण्याचे धाडस मी करणार नाही. एचटी-२ मध्ये असले काही नाही, हीदेखील ते घेण्याच्या बाजूची गोष्ट आहे.

संत्रापट्टा
ब्रह्मदेशात खोक्यांत भरून पुरलेली महायुद्धातली स्पिटफायर लढाऊ विमाने आहेत म्हणे, तिकडे जाऊ या का? २०१३ मध्ये उकरायला गेलेल्यांना एकही सापडले नाही, पण आपल्याकडे विहिरी खणायचा अनुभव दांडगा आहे.

धानपट्टा
पुरलेल्या स्पिटफायरपेक्षा विकलेल्या स्पिटफायरची गोष्ट जास्त बोचते. १९७० च्या दशकात आपल्याकडे पडून असलेली स्पिटफायर आणि टेम्पेस्ट परदेशी संग्राहकांनी विकत घेऊन नेली आणि त्यांतली काही आज तिकडच्या आकाशात उडतात.

लिबरेटर बॉम्बरचे तर विशेषच. महायुद्ध संपल्यावर कानपूरला ब्रिटिशांनी ती निकामी करून टाकून दिली होती. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी एकाचे भाग दुसऱ्याला लावत त्यांतली चाळीसच्या आसपास उभी केली आणि जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळुरूला उडवत नेली. हेच मुन्शी पुढे घाटग्यांच्या एचटी-२ चे पहिले उड्डाण करणारे वैमानिक. १९६८ मध्ये लिबरेटर निवृत्त झाली आणि आज ब्रिटन, कॅनडा, अमेरिकेच्या संग्रहालयांत जी दिसतात त्यांतली कित्येक इथून गेलेली आहेत. शंभर वर्षे झाल्याशिवाय आपला पुरावस्तू कायदा एखाद्या वस्तूला सहसा पुरावस्तू मानत नाही, त्यामुळे विमान त्यात बसतच नाही. जुने विमानवाहू विक्रांत जहाजसुद्धा अखेर २०१४ मध्ये भंगारातच निघाले. म्हणून मला वाटते, की सरकारने काय करावे यावर वाद घालण्यापेक्षा आर्वीकरांनी एक वाचवलेले बरे.

उडते_तेच_विमान
कानपूरच्या भंगारातून बॉम्बर उडाले, हे तुम्हीच लिहिलेत. माझा मुद्दा सिद्ध झाला.

एएमई_अकोला
ते एका कारखान्याने, त्याच प्रकारची डझनावारी विमाने भागांसाठी हाताशी असताना उडवले. आर्वीकरांकडे एकच आहे आणि त्यालाही प्रोपेलर नाही.

पाटी_पेन्सिल
मी वर विरोध केला होता, तरी सगळे वाचून एक सूचना करते. चौकात उभे करू नका आणि एकट्याने दुरुस्तही करू नका. तालुक्याच्या आयटीआयमध्ये फिटर आणि पत्राकामाची मुले असतात. त्यांना एरवी हातात दिली जाते ती सरावाची चौकोनी पट्टी. पंखाचे चेपलेले टोक दुरुस्त करताना फिटरकाका समोर उभे राहिले, तर ती मुले जे शिकतील ते पुस्तकात नाही. प्राचार्यांकडून लेखी परवानगी घ्या आणि प्रायमरच्या भागात मुलांना जाऊ देऊ नका. पानठेला लागायचा नसेल तर विमानाकडे रोज कोणीतरी कामाला आले पाहिजे.

पेन्शनर_फिटर
ताई, मी यायला तयार आहे. हिंगणघाट ते आर्वी काही लांब नाही. फक्त उन्हाळ्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये मला बोलावू नका, आपल्याकडच्या मे महिन्यात तिथे पाना हातात धरवत नाही.

आर्वीकर
सर्वांचे आभार. काल पुन्हा जाऊन आलो. निर्माणक्रमांकाची पट्टी कॉकपिटमध्ये जागेवर आहे. नोंदणी रद्द झाल्याचे पत्र व्यापाऱ्याच्या फायलीत मिळाले आणि लिलावाच्या कागदात विमानाचा क्रमांकासह उल्लेख आहे. लॉगबुकांपैकी सांगाड्याचे सापडले, इंजिनचे नाही. पहिल्या काही पानांवर वायुसेनेच्या नोंदी आहेत, म्हणजे पट्ट्यांचा तर्क बरोबर होता. पंखाच्या सांध्याचा एक बोल्ट त्याने नाखुशीने काढू दिला. भोक आतून स्वच्छ आहे. पोटाखाली मात्र एका जागी पत्रा फुगला आहे.

मी भाव वजनावर तोडला, हौसेचे पैसे देणार नाही म्हणून स्पष्ट सांगितले, आणि लॉगबुक विमानासोबत मिळेल हे पावतीवर लिहून घेतले. उडवण्याचा विचार सोडला आहे. फरशी आणि नाली होईपर्यंत विमान तिथेच राहील, पण तिथे ते उघड्यावर आहे आणि पाऊस तोंडावर आला आहे. तोवर प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळून ठेवू का?

पेन्शनर_फिटर
गुंडाळू नका. प्लॅस्टिकच्या आत रात्री घाम धरतो आणि तो पाण्यापेक्षा जास्त काळ टिकतो. बांबूचा मांडव करून ताडपत्री त्यावर घाला, विमानाला टेकू देऊ नका, चारही बाजूंनी वारा खेळता ठेवा. पोटाखालची पाणी निघण्याची भोके काडीने मोकळी करा, ती बहुधा मातीने बुजलेली असतील. वाऱ्याचा वेग मोजायची नळी पंखाच्या पुढे आलेली असते, तिच्यात कुंभारमाशी घर करते, तिच्यावर कापडी पिशवी बांधा. पंख टायरांवरून काढून पुढची कड खाली येईल असे लाकडी घोडीवर, गोणपाटाची गादी घालून उभे करा. आणि लॉगबुक पावसाआधी घरी आणा, ते व्यापाऱ्याच्या कपाटात ठेवू नका.

एएमई_अकोला
लॉगबुकाच्या प्रत्येक पानाचा फोटो आजच काढा. ज्या पानांवर वायुसेनेच्या नोंदी आहेत ती मला पाठवा, त्यावरून विमानाची मोठी दुरुस्ती केव्हा झाली आणि पोटाखालचा तो पत्रा आधी कधी बदलला होता का, ते काढून देतो.

संत्रापट्टा
आणि वहिनींचे काय म्हणणे पडले, ते अजून कळलेले नाही.

आर्वीकर
त्यांनी पावतीची झेरॉक्स काढून स्वतःच्या फायलीत ठेवली आहे.